विश्लेषण : शिजवलेले अन्न सोडण्याचा गांधीजींचा प्रयोग तीन महिन्यांनी का थांबला?

किल्लारीच्या शिवारात थंडी पडली की कच्चे खाणे सुरू होते, पण त्याला कोणी ‘डाएट’ म्हणत नाही. हरभऱ्याचे घाटे बांधावर उभ्या उभ्या सोलून खाल्ले जातात. भाकरीसोबत कांद्याची पात, मुळा, मेथीची किंवा करडईची कोवळी पाने येतात. हुरडा मात्र आगटीतच भाजावा लागतो आणि येळवसची भज्जी चुलीवर शिजतेच. कच्चे आणि शिजलेले एकाच पंगतीत बसते.

मोबाइलवर मात्र सध्या वेगळाच सूर आहे. २१ दिवस चूल बंद, फक्त फळे, कोशिंबिरी, मोड आलेली कडधान्ये आणि सुकामेवा. वजन उतरेल, साखर आटोक्यात येईल, चेहरा उजळेल, असे दावे केले जातात. पहिला आठवडा उत्साहात जातो. मग एखादे लग्न येते, पाहुणे येतात किंवा नुसताच गरम वरणाचा वास येतो आणि सगळे तिथेच थांबते. अनेकांना वाटते की आपलाच निर्धार कच्चा.

निर्धाराबद्दल ज्यांचे नाव कोणीही घेईल, त्या मोहनदास करमचंद गांधी यांनी हाच प्रयोग आयुष्यात पुन:पुन्हा केला. १८९३ मध्ये तो दोन आठवडेही टिकला नाही. १९२९ मध्ये तीन महिने टिकला. दोन्ही वेळा तो त्यांनी सोडला आणि सोडल्याचे छापून जाहीर केले. गांधीजींच्या चरित्रातला हा भाग मिठाच्या सत्याग्रहाइतका कोणी सांगत नाही. पण शिजवलेले अन्न सोडू पाहणाऱ्याला त्यातून बरेच काही मिळू शकते.

सुरुवात कुठे झाली?

लंडनमध्ये. १८८८ मध्ये कायद्याच्या शिक्षणासाठी गेलेला हा तरुण आईला दिलेल्या वचनामुळे मांस खात नव्हता आणि त्यामुळे अर्धपोटी राहत होता. फॅरिंग्डन स्ट्रीटवरच्या एका शाकाहारी खानावळीत त्याला पहिल्यांदा पोटभर जेवण मिळाले. तिथेच हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरचे पुस्तकही मिळाले. वचनापोटी पाळलेला शाकाहार त्या पुस्तकामुळे पटलेला शाकाहार झाला. पुढे लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीत त्याची निवड झाली.

या मंडळाचे अध्यक्ष होते अर्नोल्ड हिल्स. जहाजे बांधणाऱ्या थेम्स आयर्नवर्क्स या कारखान्याचे ते मालक. त्यांच्या कामगारांच्या फुटबॉल संघातूनच आजचा वेस्ट हॅम क्लब उभा राहिला, हे जाता जाता. हिल्स यांचा सिद्धांत असा होता, की धान्य, फळे आणि सुकामेवा यांत सूर्याची जीवनशक्ती साठलेली असते आणि अन्नाला विस्तव लागला की ती मरते. म्हणून अन्न न शिजवता खावे. याला ते ‘प्राणमय अन्न’ अशा अर्थाचे नाव देत.

विज्ञानाच्या कसोटीवर हा सिद्धांत टिकत नाही. पण विशीतल्या गांधींना तो पटला. बॅरिस्टर होऊन मुंबईत परतल्यावर त्यांनी आठवडाभर असे अन्न खाऊन पाहिले. तो प्रयोग का सुटला? शरीराची काही तक्रार नव्हती. घरी मित्रमंडळींचे येणे-जाणे होते, त्यांची सरबराई करायची होती आणि चारचौघांत वेगळे ताट मांडणे अवघड झाले होते. सव्वाशे वर्षांनंतरही बहुतेकांचा प्रयोग नेमका याच कारणाने मोडतो.

प्रिटोरियात काय घडले?

१८९३ मध्ये एका व्यापाऱ्याच्या खटल्यासाठी गांधीजी दक्षिण आफ्रिकेत गेले. तेव्हा ते २३ वर्षांचे होते. प्रिटोरियात त्यांनी २२ ऑगस्टला प्रयोग पुन्हा सुरू केला आणि या वेळी रोजची नोंद ठेवली. भिजवलेले गहू, मनुका, बदाम, लिंबू, संत्री असा आहार होता. काय खाल्ले, किती खाल्ले, चावायला किती वेळ लागला, पोट कसे राहिले, फिरायला जाताना पायांत बळ होते की नाही, हे सगळे त्यांनी लिहिले.

नोंदी वाचताना उत्साह उतरत गेलेला दिसतो. पोट जड राहते, गहू नीट पचत नाही, अंगातले त्राण कमी होते. दोन आठवडे पुरे व्हायच्या आत त्यांनी हात टेकले. २४ मार्च १८९४ च्या ‘द व्हेजिटेरियन’ या लंडनच्या साप्ताहिकात या प्रयोगाचा वृत्तान्त त्यांच्या नावानिशी छापून आला. त्यात यशाचा दावा नाही. रोजच्या कामाचा आणि काळजीचा भार डोक्यावर असलेल्या माणसाने असा प्रयोग करणे कठीण, त्यासाठी वेळ आणि जाणकाराची देखरेख हवी, असा त्यांचा एकूण कल होता.

वकिली नुकतीच सुरू केलेल्या, परक्या देशात एकट्या राहणाऱ्या तरुणाने स्वत:चे अपयश इतक्या तपशिलाने छापावे, हे त्या काळातही नेहमीचे नव्हते. पुढच्या आयुष्यातही त्यांची रीत हीच राहिली.

गोखल्यांनी हट्ट का धरला?

दक्षिण आफ्रिकेतल्या टॉलस्टॉय फार्मवर गांधीजी आणि त्यांचे मित्र हर्मन कॅलनबाख फळांवर राहू लागले. १९१२ मध्ये दोघांनी दूधही सोडले. शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबू आणि ऑलिव्हचे तेल हा त्यांचा मुख्य आहार झाला. हा टप्पा बराच काळ टिकला. फार्मवर सगळेच साधे राहत होते, अंगमेहनत करत होते आणि कॅलनबाखसारखा जोडीदार त्याच ताटावर बसत होता, ही त्याची कारणे असावीत.

१९१४ मध्ये ते लंडनला पोहोचले तेव्हा नुकतेच महायुद्ध सुरू झाले होते. तिथे त्यांना फुप्फुसाच्या आवरणाला सूज येण्याचा आजार झाला. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा स्वत: आजारी होते, तरी त्यांना गांधीजींच्या ताटाची चिंता लागून राहिली. डॉ. जीवराज मेहता दूध आणि धान्य घ्यायला सांगत होते आणि गोखल्यांनी ते ऐकण्याचा आग्रह धरला. ज्यांना गांधीजी गुरू मानत, त्यांचा शब्द मोडणे सोपे नव्हते. त्यांनी विचार करायला २४ तासांची मुदत मागितली. रात्रभर विचार केला आणि दूध घेणार नाही असे सांगितले. गोखल्यांना ते आवडले नाही, पण त्यांनी ते मान्य केले.

दुखणे हटेना, तेव्हा डॉ. ॲलिन्सन नावाच्या शाकाहारी डॉक्टरांना बोलावण्यात आले. त्यांनी कोंड्यासकट पिठाची पोळी, कच्चे बीट, मुळा, कांदा, पालेभाज्या आणि संत्री असा आहार सांगितला. भाज्या चावता येत नसतील तर किसून घ्याव्यात, पण शिजवू नयेत. गांधीजींना मनातून हवा होता तसाच हा सल्ला होता. तीन दिवसांत लक्षात आले की कच्च्या भाज्या त्यांच्या पोटाला मानवत नाहीत. हे त्यांनी आत्मकथेत सरळ लिहून ठेवले आहे.

१९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना आमांशाने त्यांना इतके खाली आणले की ते मरणाची तयारी करू लागले होते. पुढे मुंबईत डॉ. दलाल यांनी शस्त्रक्रिया केली आणि दुधाशिवाय शरीर पुन्हा उभे राहणार नाही असे सांगितले. गांधीजींनी शपथेचे कारण पुढे केले. शपथ गाई-म्हशीच्या दुधाची असेल तर बकरीचे दूध का चालणार नाही, असा मार्ग कस्तुरबांनी काढला. गांधीजींनी तो स्वीकारला. शपथेचा शब्द राखला, पण आत्मा गेला, ही बोच त्यांना शेवटपर्यंत राहिली. १९२९ चा प्रयोग समजून घ्यायचा तर ही बोच लक्षात ठेवावी लागते. दुधाला पर्याय शोधण्याची धडपड त्यातूनच आलेली होती.

१९२९ चा प्रयोग नेमका काय होता?

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात गांधीजी खादीसाठी आंध्रात दौऱ्यावर होते. राजमहेंद्रीचे निसर्गोपचारक सुंदरम गोपाळराव यांनी न शिजवलेल्या अन्नावर राहण्याचा आपला अनुभव त्यांना सांगितला. जुनी ओढ जागी झाली आणि ९ मे रोजी गांधीजींनी सुरुवात केली. वय ५९.

आहाराचे प्रमाण त्यांनी १३ जूनच्या ‘यंग इंडिया’त छापले. मोड आलेले गहू ८ तोळे, बदामाची पेस्ट ८ तोळे, वाटलेला हिरवा पाला ८ तोळे, ६ लिंबे आणि २ औंस मध. गव्हाऐवजी अधूनमधून मोड आलेले हरभरे आणि तेव्हा बदामाऐवजी नारळाचे दूध. जेवणे दोनच, एक सकाळी ११ वाजता आणि दुसरे सायंकाळी सव्वासहाला. विस्तव लागलेली गोष्ट एकच, पाणी. ते उकळून त्यात लिंबू आणि मध घालून प्यायचे. दात पडलेले असल्याने बदाम आणि पाला वाटून घ्यावा लागे.

एक तोळा म्हणजे साधारण पावणेबारा ग्रॅम, म्हणजे ८ तोळे जेमतेम ९३ ग्रॅम. दिवसाच्या सगळ्या ताटाचा हिशेब आजच्या मापाने हजार-अकराशे कॅलरींच्या आसपास जातो आणि त्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या बदामांचा आहे. बदाम काढले तर उरते ते पथ्याचे ताट. पहाटेपासून रात्रीपर्यंत काम करणाऱ्या माणसाला ते पुरणारे नव्हते.

त्यामागे कारण काय होते?

एक कारण ब्रह्मचर्याचे होते. आहार साधा असेल तर विकार आवरतात, असे गांधीजी मानत. ते कितपत खरे, हा वेगळा वाद आहे आणि त्यात आज फार कोणाला रस नसावा.

दुसरे कारण मात्र आजही पटण्यासारखे आहे. स्वयंपाक नसेल तर सरपण वाचते, चुलीचा धूर वाचतो आणि बाईचा दिवस मोकळा होतो. अन्न कच्चे खाता आले तर गरिबाच्या घरातला खर्च कमी होईल आणि बायकांची स्वयंपाकघरातून सुटका होईल, हा विचार त्यांच्या लिखाणात स्पष्ट आहे. मराठवाड्यातल्या कोणत्याही गावात पहाटे पाचला उठून भाकऱ्या थापणाऱ्या बाईला हा मुद्दा समजावून सांगावा लागणार नाही.

पण हिशेब इथेच अडतो. गरिबासाठी शोधलेल्या आहारात रोज ९३ ग्रॅम बदाम होते. पाला वाटायचा, बदाम वाटायचे, गहू भिजवून मोड आणायचे, नारळ खवून दूध काढायचे, ही कामेही कोणाला तरी करावी लागतात. आश्रमात ते करणारे हात होते. घरात ते बहुतेक वेळा त्याच बाईचे असतात. घरातल्या एकाने वेगळा आहार सुरू केला की दुसऱ्याचे काम वाढते, हे कच्च्या आहाराच्या जाहिरातीत कधी येत नाही.

ते तीन महिने टिकले कसे?

नुसत्या इच्छाशक्तीवर नाही. गांधीजींच्या पद्धतीत तीन-चार गोष्टी होत्या आणि त्या कोणालाही करता येतील अशा आहेत. पहिली म्हणजे मोजमाप. तोळ्याचे प्रमाण ठरलेले, जेवणाची वेळ ठरलेली. रोज आज काय खावे हा प्रश्नच उरत नाही, आणि माणूस बहुतेक वेळा त्या प्रश्नापाशीच घसरतो.

दुसरी, सोबत. आश्रमातली काही माणसे या प्रयोगात उतरली. सगळ्यांना झेपले नाही, काही गळाले, पण मुंबईत पाहुण्यांसमोर एकटा पडलेला तरुण बॅरिस्टर आणि आश्रमात पंक्तीत बसलेला गांधी यांच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचा फरक होता. किल्लारीत एकट्याने वेगळे ताट घेण्यापेक्षा घरातल्या सगळ्यांच्या ताटात आधी मूठभर काकडी-मुळा-गाजर आले तर ते जास्त दिवस टिकते, याचे कारण हेच.

तिसरी गोष्ट म्हणजे जाहीरपणा. प्रयोग ‘यंग इंडिया’त छापला म्हणजे देशभरातले डॉक्टर, वैद्य आणि टीकाकार प्रश्न विचारणार. गांधीजींनी ते प्रश्न मागवूनच घेतले. आजच्या समाजमाध्यमांवरही लोक रोज ताटाचे फोटो टाकतात. पण तिथे चांगले दिवस तेवढे दिसतात, बिघडलेले पोट दिसत नाही.

आणि चौथी, थांबण्याची मुभा. हा प्रयोग त्यांनी शपथ म्हणून घेतला नाही. दुधाच्या शपथेने १९१८ मध्ये काय झाले, ते त्यांना आठवत असणारच.

मग थांबवला का?

जूनमध्ये गांधीजी कुमाऊंच्या डोंगरात अल्मोडा, कौसानी भागात होते. प्रयोग चालू होता. पण शरीराने साथ दिली नाही. ऑगस्टमध्ये आमांशाचा सौम्य त्रास झाला आणि त्यांनी पुन्हा बकरीचे दूध आणि शिजवलेले अन्न घ्यायला सुरुवात केली. त्याच महिन्यात ‘यंग इंडिया’तून वाचकांना तसे कळवलेही. कच्च्या अन्नावरचा विश्वास त्यांनी सोडला नव्हता. आपल्याला जमले नाही, जाणकार डॉक्टरांनी याचा शोध घ्यावा, अशी त्यांची भूमिका होती.

आजचा डॉक्टर अशा रुग्णाला आधी पाण्याबद्दल विचारील. पाला कोणत्या पाण्याने धुतला, गहू कोणत्या पाण्यात भिजवले? शिजवण्याचा सर्वांत मोठा फायदा चवीचा नाही, जंतू मारण्याचा आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. टंचाईच्या दिवसांत टँकरच्या पाण्यात पालेभाजी एकदाच बुचकळून कच्ची खाणे आणि तीच भाजी शिजवून खाणे, यांत मोठा फरक आहे. मोड आलेल्या धान्याचेही तसेच. ओलावा आणि ऊब जशी मोडांना लागते, तशीच जंतूंनाही लागते. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांमधून पसरलेल्या ई-कोलाय जिवाणूच्या साथीत सुमारे चार हजार लोक आजारी पडले आणि ५० हून अधिक दगावले.

आज विज्ञान काय सांगते?

कच्च्या भाज्या आणि फळे रोज खावीत, याबद्दल दुमत नाही. शिजवताना क जीवनसत्त्वाचा बराच भाग जातो, तो कच्च्यात शाबूत राहतो. तंतुमय पदार्थ मिळतात, चावून खावे लागते म्हणून पोट लवकर भरल्यासारखे वाटते. पण गाजर आणि पालेभाज्यांतले बीटा-कॅरोटीन थोड्या तेलात शिजवल्यावर शरीराला जास्त मिळते. धान्य आणि कंदांतला स्टार्च शिजल्यावरच नीट पचतो. प्रिटोरियात गांधीजींच्या पोटात गहू जड का झाला, याचे उत्तर यातच आहे.

पूर्णपणे कच्च्या आहारावर राहणाऱ्यांचा एक मोठा अभ्यास जर्मनीतल्या गिसेन इथल्या संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ५१३ जण होते. दीर्घकाळ असा आहार घेणाऱ्यांचे वजन सरासरी दहा-बारा किलोंनी उतरलेले आढळले. वजन उतरणे ऐकायला बरे वाटते. पण ४५ वर्षांखालच्या स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्के जणींची मासिक पाळी अनियमित झाली होती किंवा थांबली होती. शरीराला पुरेसे अन्न मिळत नसल्याची ती खूण असते. दूध आणि इतर प्राणिजन्य पदार्थही सोडले तर बी-१२ जीवनसत्त्वाचा प्रश्न उभा राहतो, कारण ते वनस्पतींमधून भरवशाने मिळत नाही. ज्या दुधासाठी डॉ. दलाल आणि कस्तुरबा अडून बसले होते, त्यातून ते मिळते.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गर्भवतींनी आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आहार एकदम बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. गोळीचे प्रमाण तेच आणि ताट अर्धे, असे झाले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

मगनवाडीत काय शिजत होते आणि काय नव्हते?

गांधीजींचे प्रयोग १९२९ नंतर संपले नाहीत, लहान झाले. १९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातली बाग आणि इमारत त्यासाठी दिली. तिला मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ मगनवाडी हे नाव मिळाले. १९३५ मध्ये गांधीजी तिथे राहत होते आणि तिथले स्वयंपाकघर ही त्यांची प्रयोगशाळा होती.

आता प्रश्न बदलला होता. सगळेच कच्चे खाता येईल का, हे विचारणे त्यांनी सोडले. गावात फुकट किंवा जवळजवळ फुकट मिळणारे काय कच्चे खाता येईल, हा नवा प्रश्न होता. मुळ्याचा, गाजराचा, सलगमचा पाला लोक फेकून देतात किंवा जनावरांना घालतात. तो धुऊन जेवणासोबत थोडा खाल्ला तर? या पाल्यांबद्दल त्यांनी ‘हरिजन’मध्ये लिहिले. कच्चा पाला शिजवलेल्याच्या मानाने थोडाच पुरतो, त्यामुळे गरिबाला परवडतो, हे त्यांचे म्हणणे होते. चिंच, गूळ, लसूण, कडुनिंब यांचेही प्रयोग झाले. कडुनिंबाच्या चटणीचा कडूपणा आश्रमात आलेल्या अनेक पाहुण्यांना जन्मभर लक्षात राहिला. बदाम या ताटातून गेले होते.

याच वर्षी मगनवाडीत सोयाबीन आले. तेव्हा हे पीक बहुतेक भारतीयांना माहीतही नव्हते. आज लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनचा भाव काय निघाला, यावर औसा-किल्लारी भागातल्या घरांचे वर्षाचे गणित ठरते. गांधीजींनी सोयाबीन स्वस्त प्रथिने म्हणून पाहिले आणि आश्रमात शिजवून खाऊ घातले. इथे शिजवणे महत्त्वाचे आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारे घटक असतात आणि ते उष्णतेनेच निष्प्रभ होतात. घरचेच पीक आहे म्हणून मोड आणून कच्चे सोयाबीन खायला सुरुवात करणे बरे नाही. राजम्याचेही तसेच. तो नीट उकळल्याशिवाय तोंडात टाकू नये. मूग, मटकी, हरभरा यांचे मोड तुलनेने सोपे, आणि तेही वाफवले तर अधिक सुरक्षित.

टोकाला गेलेला एक सहकारी

गांधीजींच्या भोवती त्यांच्याहूनही हट्टी माणसे होती. प्रा. जयकृष्ण भन्साळी त्यातले एक. गुजरातेत शिकवत असलेला हा माणूस सगळे सोडून वर्षानुवर्षे देशभर अनवाणी भटकला. मौन मोडू नये म्हणून त्यांनी ओठ तारेने शिवून घेतले होते. ते कच्चे पीठ पाण्यात कालवून घेत आणि कडुनिंबाचा पाला खात. पुढे ते सेवाग्रामला येऊन राहिले. १९४२ मध्ये चिमूरला पोलीस आणि सैनिकांनी केलेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून त्यांनी केलेला ६३ दिवसांचा उपवास विदर्भात आजही लोकांच्या आठवणीत आहे.

भन्साळींच्या आहारामागे आरोग्याचा हिशेब नव्हता, ती तपश्चर्या होती. वजन उतरवायला निघालेल्या माणसाने तिच्याकडे आदर्श म्हणून पाहण्यात अर्थ नाही.

शेवटी ताटात काय उरले?

१९४२ च्या ऑगस्टमध्ये अटक झाल्यावर गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आले. तिथे महादेवभाई देसाई गेले, पुढे कस्तुरबाही गेल्या. त्याच बंदिवासात त्यांनी आरोग्यावरचे छोटे पुस्तक लिहिले. मराठीत ते ‘आरोग्याची गुरुकिल्ली’ म्हणून ओळखले जाते. बैठे काम करणाऱ्या माणसाने दिवसभरात काय खावे, याचे प्रमाण त्यात आहे. गाईचे दूध २ पौंड, धान्य ६ औंस, पालेभाजी ३ औंस, इतर भाज्या ५ औंस, तूप दीड औंस किंवा लोणी २ औंस, गूळ किंवा साखर दीड औंस. फळे आवडीप्रमाणे आणि खिशाप्रमाणे. आणि कच्ची भाजी १ औंस.

एक औंस म्हणजे २८ ग्रॅम. एक छोटा मुळा किंवा मेथीची मूठभर पाने. विशीत ज्याने सगळे ताट कच्चे करायचे ठरवले होते, त्याने पन्नास वर्षांच्या प्रयोगांनंतर लोकांसाठी एवढाच कच्चा वाटा लिहून ठेवला. ज्या दुधासाठी गोखल्यांचा आग्रह मोडला होता, ते यादीत सर्वांत वर आहे. स्वत: मात्र ते बकरीचेच दूध घेत राहिले.

सुटकेनंतर पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात ते काही काळ राहिले. शहरातले उपचार श्रीमंतांपुरते राहतात, हे तिथे दिसल्यावर खेड्यात असे केंद्र काढायचे ठरले. २२ मार्च १९४६ ला ते पुण्याजवळच्या उरुळी कांचन या गावी पोहोचले आणि दुसऱ्याच दिवसापासून आजारी गावकऱ्यांची रीघ लागली. ऊन, माती, पाणी, रामनाम आणि गावात मिळेल ते अन्न एवढीच सामग्री होती. आठवडाभरात राजकीय वाटाघाटींसाठी त्यांना दिल्लीला जावे लागले. काम सांभाळायला मागे मणिभाई देसाई राहिले आणि आश्रमाची धुरा विनोबांचे धाकटे बंधू बाळकोबा भावे यांनीही वाहिली. मणिभाई तेव्हा पंचविशीत होते. ते पुढची ४७ वर्षे, १९९३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, उरुळीचेच होऊन राहिले. आश्रम आजही सुरू आहे.